दिवाळीच्या किल्ल्याच्या जागी लॅनियन होमस्टेड: कामाच्या नोंदी

आम्ही कॅनबेराच्या दक्षिण टोकाला राहतो, काँडरमध्ये. दरवर्षी मागच्या अंगणात मुलांबरोबर दिवाळीचा किल्ला करतो. यंदा किल्ल्याच्या जागी घरापासून जवळच असलेलं लॅनियन होमस्टेड, म्हणजे जुन्या मोठ्या शेतावरचं मालकाचं घर, करायचं ठरवलं. कुणाला आपल्या गावाजवळची अशी जुनी वास्तू करायची असेल तर आमचे वाया गेलेले तीन वीकेंड तरी वाचतील, म्हणून या नोंदी तशाच ठेवतेय.

६ सप्टेंबर, शनिवार

विषय निघाला तो लेकीमुळे. आम्ही रोज दूध-भाजी आणतो ते लॅनियन मार्केटप्लेस, आजूबाजूच्या उपनगरांना मिळून म्हणतात लॅनियन व्हॅली, तर हा लॅनियन कोण असं तिनं विचारलं आणि मला नीट सांगता आलं नाही. शोधलं. जेम्स राइट आणि जॉन लॅनियन हे दोघे मित्र १८३३ मध्ये इंग्लंडहून आले, मरम्बिजी नदीकाठी बस्तान बसवलं, १८३५ मध्ये जमीन रीतसर विकत घेतली. त्यातला लॅनियन इंग्लंडला परत गेला आणि १८४१ मध्ये वारला. म्हणजे जो इथं जेमतेम राहिला त्याचं नाव आजही दुकानांवर आहे आणि ज्यानं सगळं उभं केलं त्या राइटचं नाव मुलांनी ऐकलेलंसुद्धा नाही. मग ठरलंच.

मापं: १.८ मीटर बाय १.२ मीटरचा प्लाय, १:७५ स्केल. नवरा म्हणाला १:५० घेऊ, मुलांना आत हात घालता येईल. कागदावर मांडून बघितलं तर नदी बाहेर जात होती. नदीशिवाय या घराला अर्थ नाही, म्हणून १:७५.

७ सप्टेंबर, रविवार

सगळे मिळून प्रत्यक्ष बघायला गेलो. घर एकमजली, पांढऱ्या भिंती, पुढं लांब व्हरांडा, वर पन्हाळी पत्रा. मागं अंगण आणि त्याच्या कडेनं दगडी इमारती. स्वयंपाकघर मुख्य घरापासून वेगळं. धाकटा म्हणाला पाऊस आला तर जेवण भिजत असेल. भिजतच असणार, पण चुलीनं पेट घेतला तर अख्खं घर जाऊ नये म्हणून तेव्हा स्वयंपाकघर असं बाजूला बांधायचे, आणि उन्हाळ्यात घर तापायचं नाही हाही फायदा.

मी पावलांनी मापं घेतली, एक पाऊल ७० सेंटीमीटर धरून. इथं पहिली चूक: पुढची बाजू मी मोजली, मागची लेकीनं. तिचं पाऊल माझ्यापेक्षा बरंच लहान. घरी येऊन आकडे मांडले तर घर मागं रुंद आणि पुढं अरुंद. दुसऱ्यांदा जावं लागलं, अर्धा दिवस गेला. मोजायचं तर एकाच माणसानं मोजा, आणि व्हरांड्याच्या खांबांची संख्या फोटोवरून टॅली करा.

१३ सप्टेंबर, शनिवार

भिंती पुठ्ठ्याच्या केल्या, वरून मातीचा हात दिला. इथली माती चिकण, कुंभाराच्या मातीसारखी बोटाला चिकटते, म्हणून वाटलं मस्त बसेल. संध्याकाळपर्यंत पुठ्ठ्यानं पाणी पिऊन मान टाकली. रविवारी सकाळी उरल्यासुरल्या भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा. पुठ्ठा, फेविकॉलसारखा गोंद आणि टेप मिळून २१ डॉलर आणि पूर्ण शनिवार गेला.

१४ सप्टेंबर, रविवार

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. गावाकडच्या घराचा मातीचा गिलावा ते दरवर्षी स्वतः करायचे. भेगा दाखवल्या तर बघूनच म्हणाले, "अगं, गारा कुजवला नाहीस तू."

"बाबा, किती दिवस कुजवायचा?"

"आठ दिवस तरी. भुसा घाल, रोज पायानं तुडव, वास आला पायजे. वास आला की समज झालं. आणि नुसत्या चिकण मातीत करू नकोस बाळा, वाळू घाल निम्म्याहून जास्त."

इथं भुसा कुठला मिळणार, तर बागेसाठी उसाच्या पाचटाचं मल्च मिळतं, १४ डॉलरची गठडी. ते कात्रीनं बोटाच्या पेराएवढं बारीक केलं. एक घमेलं माती, दोन घमेली वाळू, मूठमूठ पाचट. प्लास्टिकच्या टबात मुलं रोज शाळेतून आली की पाय धुऊन तुडवायची. सहाव्या दिवशी वास आला, खरा गावाकडच्या गोठ्याच्या मागचा वास, मला एकदम घरी गेल्यासारखं झालं. शेजारच्या आजींनी कुंपणावरून विचारलं काही मेलंय का.

२१ सप्टेंबर, रविवार

गारा अप्रतिम झाला. पुठ्ठ्याऐवजी आत बारीक जाळी उभी केली, दोन्ही बाजूंनी गारा थापला, भिंत बोटभर जाड. सावलीत ओल्या गोणपाटाखाली वाळू दिली. तीन दिवसांनी बघितलं, एक केसासारखी रेघ सोडली तर भेग नाही.

पण आज दुसरी मोठी चूक कळली आणि ती मातीची नाही, इतिहासाची. मी मुख्य घर आधी केलं आणि प्लायच्या बरोब्बर मधोमध बसवलं. मागच्या दगडी इमारती मांडायला गेले तर जागाच नाही, नदी आडवी येतेय. मग तारखा लावून बसले. आज जे घर दिसतं त्याचा मुख्य भाग १८५९ चा. मागचं दगडी काम त्याच्या आधीचं, राइटच्या काळातलं. म्हणजे ते घर मोकळ्या माळावर बांधलेलंच नाही, आधीच चालू असलेल्या वस्तीच्या पुढ्यात नंतर येऊन उभं राहिलंय. मी उलट्या क्रमानं बांधत होते म्हणून बसत नव्हतं. भिंती जोत्यासकट सुरीनं कापून २२ सेंटीमीटर पुढं सरकवल्या, दोन कोपरे तुटले, परत लिंपले. चार तास.

जुनी वास्तू करत असाल तर आधी कागदावर वर्षं लिहा आणि ज्या क्रमानं उभी राहिली त्याच क्रमानं मांडा.

२७ सप्टेंबर, शनिवार

शाळांना सुट्टी लागली. आज मागच्या दगडी इमारती. अंगणातलेच बारीक खडे, गारा दर्जांत भरायला. हे काम मुलांनी फार मन लावून केलं, एकेक खडा फिरवून फिरवून बसवत होती.

लेकीनं विचारलं हे दगड तेव्हा कुणी रचले. मग तिला सांगितलं. राइटकडं कामाला शिक्षेवरचे कैदी होते. इंग्लंड-आयर्लंडमध्ये शिक्षा झाली की जहाजात घालून इकडं पाठवायचे, आपल्याकडं अंदमानला पाठवायचे तसं. सरकार ते कैदी जमीनवाल्यांना कामाला नेमून द्यायचं. पगार नाही. खाणं, कपडे, राहायला छप्पर, बास. मेंढरं राखणं, कुंपण घालणं, नांगरट, दगड फोडणं सगळं त्यांच्यावर. ती म्हणाली, "मग आई, घर त्यांचं का नाही म्हणत?" मी तिला उत्तर दिलं नाही, म्हणजे मला जमलं नाही. पण त्या इमारतीशेजारी माणसं ठेवायची हे तिथंच ठरलं. मावळ्यांची जुनी चित्रं रंगवून वापरायला धाकट्यानं साफ नकार दिला, मावळे ते मावळेच, त्यांना दुसरं कुणी करायचं नाही. बरोबर आहे त्याचं. शाडूची आठ माणसं नवीन केली, बोटाच्या पेराएवढी, वाकलेली. मावळ्यांसाठी आणि महाराजांसाठी कोपऱ्यात वेगळा छोटा गड करणार, तो या प्लायवर नाही, जमिनीवर.

४ ते ६ ऑक्टोबर, लाँग वीकेंड

तीन दिवस फक्त छप्पर. पन्हाळी पत्रा दाखवायला खोक्याचा पुठ्ठा ओला करून वरचा कागद सोलला की आत नळ्या मिळतात, व्हिडिओत फार सोप्पं दाखवतात. दिसलंही छान. शनिवारी रात्री नुसत्या दवानं सपाट. दिवाळीचा किल्ला उघड्यावर असतो हे डोक्यात ठेवून सामान निवडा, पुठ्ठा कुठंच नको.

मग नवऱ्यानं उपाय काढला तो सांगते. आटे पाडलेले लोखंडी रॉड (थ्रेडेड रॉड), सगळ्यात बारीक, एकाला एक चिकटवून फळीवर बसवले. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हनचा ट्रे कापून सपाट करून ठेवला आणि बोथट पेन्सिलीनं दोन रॉडमधल्या खाचेतून दाबत गेलो. हुबेहूब पन्हाळी पत्रा. एका तासाला साधारण चार पत्रे होतात, आम्हाला ४६ लागले, नऊ ट्रे संपले. बोटं कापली जातात, हातमोजे घाला. चमक मारायला पातळ राखाडी रंगाचा एक हात पुरतो.

व्हरांड्याचे खांब आइस्क्रीमच्या काड्यांचे केले. आपल्याकडं जशी पडवी तशीच ती जागा, उन्हापावसापासून भिंत वाचवणारी आणि आल्यागेल्याला बसवणारी. आई कॉलवर बघून म्हणाली, "पडवी आहे, मग तुळस कुठाय?" तिला म्हणलं तुळस आपल्या दारात आहे, याच्यात नको.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी उठले तर व्हरांडा नाही. तीन पांढरे काकाकुवे ओळीनं बसून काड्या फोडत होते, पायात धरून ऊस सोलावा तसे. इथं लोकांच्या घराच्या लाकडी कठड्यांनासुद्धा सोडत नाहीत ते. १८ खांबांपैकी चार उरले. नवीन खांब दोन इंची खिळ्यांचे केले, पांढरा रंग दिला. चोच मारून बघितली त्यांनी आणि गेले.

हळिवाचं तर आधीच वाटोळं झालं होतं, ते लिहायचं राहिलं. २० सप्टेंबरला उत्साहात पेरला, फार लवकर. आपल्याकडं दिवाळीला थंडी सुरू होते, इथं संपत असते आणि सप्टेंबरच्या शेवटीसुद्धा पहाटे दहिवर गोठतं. चार दिवसांत उगवला आणि एका पहाटे सगळा काळा पडला. दिवाळीच्या आठ-नऊ दिवस आधी पेरायचा, रात्री जुनी साडी पांघरायची.

११–१२ ऑक्टोबर

मरम्बिजी. निळा कागद मला नको होता, खरं पाणी हवं होतं. ही नदी जवळजवळ १,५०० किलोमीटर वाहते आणि राइट-लॅनियन इथंच का थांबले याचं उत्तर तीच आहे. तळ्याला घालायचं काळं रबरी कापड (पाँड लायनर) २६ डॉलरला आणलं, पात्र कोरलं, पाणी सोडलं. दोन तासांनी प्लायच्या खालून थेंब. कापड खिळ्यांनी ठोकलं होतं, प्रत्येक खिळा म्हणजे एक भोक. काढलं, पंक्चरच्या पट्ट्या लावल्या, कडा खिळ्यांऐवजी दगडांनी दाबल्या. तरी पाण्यालगतची माती विरघळून पाणी गढूळ होतंय. शेवटी काठाला चुना आणि वाळू एकास तीन करून हात दिला तेव्हा थांबलं. चुना हाताळताना चष्मा घाला, धाकट्याला लांब ठेवला होता.

नदीवर जवळच्या थार्वा गावचा लाकडी पूलही करायची फार इच्छा होती. १८९५ चा, सगळ्या एसीटीमधला (कॅनबेरा आणि भोवतालचा राजधानी प्रदेश) सगळ्यात जुना पूल, लाकडी कैच्यांचा. पण तो आमच्या स्केलला प्लायच्या बाहेर पडतो आणि ओढूनताणून जवळ आणायचा म्हणजे खोटं. सोडून दिला.

नदीपलीकडं मात्र एक छोटी झोपडी ठेवली, राइटची. त्याचं पुढं काय झालं ते मुलांना माहीत असावं असं मला वाटत होतं. १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला (तेव्हा ही जागा त्यातच होती) कैदी पाठवणं बंद झालं, म्हणजे फुकटचे हात बंद. त्यात दुष्काळ आणि मंदी. कर्ज झेपेना, आणि लॅनियन स्कॉटलंडहून आलेल्या अँड्र्यू कनिंगहॅमकडं गेलं, १८४९ मध्ये. राइट कुटुंब नदी ओलांडून कप्पाकम्बलाँगला राहायला गेलं. पलीकडच्या काठावरून आपलीच जमीन बघत राहायचं. आमच्या गावाकडं सावकारीत गेलेल्या शेतांच्या अशाच गोष्टी आहेत, बाबांना सांगितलं तर बराच वेळ काही बोलले नाहीत.

१५ ऑक्टोबर, बुधवार

१९०५ ची वाढीव बाजू. कनिंगहॅमच्या मुलानं, अँड्र्यू जॅक्सन कनिंगहॅमनं त्या साली घर वाढवलं. ही बाजू भिंतीला पक्की न जोडता वेगळ्या फळीवर केली, खाली दोन पट्ट्यांची खाच ठेवून सरकवता येते. कल्पना लेकीची. मग तिनं हट्टच धरला की १८५९ चं घरसुद्धा असंच निघालं पाहिजे. एकदा कापून सरकवलेलं ते घर परत जोत्यापासून सोडवायचं म्हणजे माझ्या पोटात गोळा. नवऱ्यानं पातळ तार जोत्याखालून करवतीसारखी ओढत ओढत सोडवलं, खाली प्लायची पट्टी सरकवली. एक खिडकी गेली, बाकी सगळं नीट. आधी सुचलं असतं तर एक रात्र वाचली असती, तुम्ही करत असाल तर पहिल्यापासून वेगळ्या पाटांवर करा.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

गाय-वासरू आज. मागच्या अंगणाजवळ शाडूची गाय आणि वासरू ठेवलं, हळदकुंकू लावलं. मेंढ्या ४०, हरभऱ्याच्या दाण्यावर कापूस चिकटवून, पाय काड्यांचे. ओल्या हवेत हरभऱ्याला मोड येतात, रंगाचा हात देऊन मग कापूस लावा.

शेवटचं काम होतं झाडाचं. लॅनियनच्या आवारात एक झाड आहे ज्याची साल मोठ्या लांबट आकारात काढलेली दिसते. इथल्या मूळ लोकांनी होडी करायला ती साल काढली, झाड जगलं आणि व्रण कायम राहिला. हा नन्नवल लोकांचा प्रदेश, राइट येण्याच्या कितीतरी आधीपासून. मुलांच्या शाळेत प्रत्येक कार्यक्रमाआधी हे म्हणतात, पण त्या झाडासमोर उभं राहिल्यावर लेकीला ते पहिल्यांदा खरं वाटलं असं ती म्हणाली. आम्ही वाऱ्यानं पडलेली निलगिरीची फांदी घेतली, पेन नाइफनं साल काढली. पहिल्यांदा फार खोल गेलं, फांदी वाळून तडकली. दुसरी घेतली, फक्त वरची साल, कडा नखानं गोल केल्या. खऱ्या झाडावर कडा अशाच आत वळलेल्या आहेत, झाड जखम भरत भरत आणतं तशा. हे एक झाड मी प्लायला भोक पाडून पक्कं बसवलं, ते निघत नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

साधारण तीस जण येऊन गेले. लेक प्रत्येकाला दाखवत होती, मी काही शिकवलं नव्हतं. आधी सांगायची: १९२६ मध्ये कनिंगहॅम लोकांनी विकलं, ऑस्बोर्नकडं गेलं, १९३० मध्ये फील्डकडं, मग कॅनबेरा इकडं वाढत आलं, टगरनाँग हा दक्षिणेकडचा भाग उभा राहायला लागला आणि १९७४ मध्ये सरकारनं जागा ताब्यात घेतली, म्हणून आपली घरं तिथपर्यंत गेली नाहीत. त्याच वर्षी सिडनी नोलन या चित्रकारानं २४ चित्रं देशाला दिली, ती बरीच वर्षं लॅनियनला होती आणि आता शहरातल्या म्युझियममध्ये आहेत. आज लॅनियन हेरिटेज रजिस्टरवर आहे, घराचं म्युझियम झालंय आणि आजूबाजूला अजून गुरं-मेंढरं चरतात.

मग ती १९०५ ची बाजू सरकवून काढायची. मग १८५९ चं घर. मागं उरायच्या दगडी इमारती आणि ती आठ वाकलेली माणसं. एका काकांनी विचारलं, "हे कोण गं?" तर तिनं सांगितलं, "ज्यांनी बांधलं ते." मग त्याही इमारती उचलून बाजूला ठेवायची. नदी, हळिवाचं गवत आणि सालीचा व्रण असलेलं झाड. तिथं थांबायची आणि परत उलट्या क्रमानं मांडायला घ्यायची. तीन तासांत नऊ-दहा वेळा झालं, मागच्या इमारतीचा एक कोपरा ढासळला, तिनं थुंकी लावून चिकटवला.

२६ ऑक्टोबर, रविवार

हिशोब: प्लाय ५८, वाळू १८, पाचट १४, लायनर २६, ट्रे ९, रॉड १२, चुना १७, हळीव दोनदा ११, वाया गेलेला पुठ्ठा-गोंद २१. एकूण १८६ डॉलर. वेळ मी आणि नवऱ्यानं मिळून ७० तासांच्या आसपास, त्यातले वीसेक तास चुका निस्तरण्यात.

भाऊबीजेच्या रात्री जोराचा पाऊस झाला. छप्पर टिकलं, चुन्याचा हात दिलेला काठ टिकला, घराच्या पश्चिमेच्या भिंतीचा पाया मऊ पडलाय कारण तिथं पागोळ्यांचं पाणी थेट जोत्यावर पडतं. पन्हळ लावायला विसरलो. आज ती भिंत उतरवली, गारा परत टबात घातला, पाणी मारून झाकून ठेवलाय. सुट्टी संपल्यामुळं तुडवायला मुलं फक्त संध्याकाळी मिळतात, त्यामुळं या वेळी आठाच्या जागी दहा दिवस धरलेत.